जिम थॉर्प : स्वतःचं नाव लपवलं नाही म्हणून ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं गमावलेला खेळाडू

अमेरिकेत कॉलेजात शिकणारा एखादा खेळाडू आज बुटांची जाहिरात करतो, इन्स्टाग्रामवर एखाद्या कंपनीची पोस्ट टाकून पैसे घेतो आणि शनिवारी कॉलेजच्या संघातून मैदानात उतरतो. यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. पण ही मुभा मिळाली १ जुलै २०२१ पासून. त्याच्या आदल्या दिवशी त्यानं हेच केलं असतं, तर कॉलेजच्या संघातून खेळण्याची त्याची पात्रताच गेली असती.

या व्यवस्थेला तिकडे एनआयएल म्हणतात. नेम, इमेज अँड लाइकनेस, म्हणजे खेळाडूचं नाव, त्याची छबी आणि त्याची ओळख. या तिन्हींवर पैसे कमावण्याचा हक्क खुद्द खेळाडूचा आहे, एवढी साधी ही गोष्ट. मग ती मान्य व्हायला २०२१ साल का उजाडावं लागलं? स्वतःच्या नावावर चार पैसे कमावण्यात गुन्हा तो काय होता?

हे समजून घ्यायचं तर एका कॉलेज खेळाडूची गोष्ट माहीत हवी. त्यानं ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली आणि सहा महिन्यांत ती परत द्यावी लागली. त्याचं नाव जिम थॉर्प.

बोर्डिंग शाळेतला मूलनिवासी मुलगा

जिमचा जन्म १८८७ च्या सुमारास झाला. आजच्या ओक्लाहोमा राज्याचा तो भाग तेव्हा इंडियन टेरिटरी म्हणून ओळखला जायचा. अमेरिकेच्या ज्या मूळ रहिवाशांना आपल्याकडे सरसकट रेड इंडियन म्हटलं गेलं, त्यांच्यातल्या सॅक अँड फॉक्स जमातीचा तो मुलगा. जमातीच्या भाषेतलं त्याचं नाव होतं वा-थो-हक, म्हणजे उजळलेली वाट.

त्याला चार्ली नावाचा जुळा भाऊ होता. दोघं नऊ वर्षांचे असताना चार्ली न्यूमोनियानं गेला. पुढे आई गेली, मग वडीलही गेले. शाळेतून पळून जायची जिमला सवयच लागली होती. १९०४ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलमध्ये येऊन पोचला.

ही शाळा साधीसुधी नव्हती. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानं ती सुरू केली होती. मूलनिवासी मुलांमधलं मूलनिवासीपण पुसून टाकायचं, हा तिचा उघड हेतू होता. मुलांचे लांब केस कापले जायचे, त्यांना गणवेश चढवला जायचा, घरची भाषा बोलायला बंदी असायची. शिकवण्याच्या नावाखाली मुलांना आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला पाठवलं जायचं. जिमनंही अशी शेतावरची कामं केली.

१९०७ मधला एक किस्सा नेहमी सांगितला जातो. मैदानावर काही मुलं उंच उडीचा सराव करत होती. बाजूनं चाललेल्या जिमनं मलाही एकदा उडी मारू द्या म्हटलं, आणि अंगावरच्या कामाच्या कपड्यांतच ५ फूट ९ इंचांची आडवी काठी पार केली. ही बातमी प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर यांच्या कानावर गेली. सगळे त्यांना पॉप वॉर्नर म्हणायचे. तिथून जिम धावायला, उड्या मारायला आणि अमेरिकन फुटबॉल खेळायला लागला.

उन्हाळ्यातलं बेसबॉल

१९०९ मध्ये जिमनं कार्लाइल सोडलं आणि तो नॉर्थ कॅरोलिनात गेला. तिथे ईस्टर्न कॅरोलिना लीग नावाची छोटी बेसबॉल लीग चालायची. १९०९ आणि १९१० असे दोन हंगाम तो तिथे खेळला, आधी रॉकी माउंटच्या आणि मग फेएटव्हिलच्या संघाकडून. त्याला किती पैसे मिळत होते याचे वेगवेगळे आकडे सांगितले जातात. सामन्याला २ डॉलरपासून आठवड्याला ३५ डॉलरपर्यंत. थोडक्यात, राहण्याखाण्याचा खर्च निघावा एवढे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा लीगमध्ये पैसे घेऊन खेळणारा जिम एकटा नव्हता. बऱ्याच कॉलेजांतली मुलं हेच करायची. फरक इतकाच, की ती खोटं नाव सांगायची. सुट्टी संपली की खऱ्या नावानं कॉलेजच्या संघात परत. पैसे घेतल्यानं आपलं हौशीपण जातं आणि मग कॉलेजकडून खेळता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जिम मात्र जिम थॉर्प म्हणूनच खेळला. त्याचं नाव तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रांत छापूनही येत होतं.

हौशी म्हणजे नेमकं कोण?

हौशी खेळाडूची ही कल्पना इंग्लंडमधून आली. जो केवळ आवडीसाठी खेळतो, पैशासाठी नाही, तो हौशी. ऐकायला किती छान वाटतं. पण एकोणिसाव्या शतकात हेन्लीच्या प्रसिद्ध होड्यांच्या शर्यतीच्या नियमांत कारागीर आणि मजूर यांना हौशी मानायचंच नाही, असं लिहून ठेवलं होतं. कष्ट करून ज्यांचे हात आणि खांदे घट्ट झालेत, ते बड्या घरच्या मुलांना हरवतील, ही भीती त्यामागे होती.

म्हणजे ज्याच्या घरी पैसा आहे, त्यालाच परवडेल असा हा नियम. १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या प्रकारात अमेरिकेकडून जॉर्ज पॅटन नावाचा तरुण अधिकारी उतरला होता. दुसऱ्या महायुद्धातला प्रसिद्ध जनरल पॅटन तो हाच. लष्कराचा पगार घेत घोडेस्वारी, तलवारबाजी आणि नेमबाजी करणारा अधिकारी हौशी ठरत होता. उन्हाळ्यात बेसबॉल खेळून पोट भरणारा मात्र धंदेवाईक, तेही ऑलिम्पिकमधल्या त्याच्या खेळाचा बेसबॉलशी काही संबंध नसताना.

स्टॉकहोम, १९१२

१९११ मध्ये वॉर्नर यांनी जिमला कार्लाइलला परत आणलं. त्याच वर्षी कार्लाइलनं हार्वर्डसारख्या बलाढ्य संघाला १८-१५ असं हरवलं. त्या सामन्यात जिमनं एक टचडाउन आणि चार फील्ड गोल केले. लोक तिकिटं काढून कार्लाइलचे सामने बघायला यायचे आणि शाळेच्या तिजोरीत पैसे जमा व्हायचे.

पुढच्या वर्षी, १९१२ च्या उन्हाळ्यात, जिम स्टॉकहोम ऑलिम्पिकला गेला. पेंटॅथलॉनमधल्या पाचपैकी चार स्पर्धा त्यानं जिंकल्या. नंतर डेकॅथलॉन, म्हणजे धावणं, उड्या आणि फेकीच्या दहा स्पर्धा, तीन दिवसांत. यातली शेवटची १५०० मीटरची शर्यत त्यानं ४ मिनिटं ४०.१ सेकंदांत पूर्ण केली. एकूण गुण झाले ८४१२. हा विश्वविक्रम होता. दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो विस्लँडर जवळपास ७०० गुणांनी मागे होता.

याच स्पर्धेदरम्यान जिमचे बूट गायब झाले आणि मिळेल त्या दोन वेगवेगळ्या बुटांवर तो धावला, अशी गोष्ट सांगतात. पायांत वेगवेगळे बूट आणि मोजे असलेला त्याचा फोटो आजही पाहायला मिळतो.

स्वीडनचे राजे पाचवे गुस्ताव यांनी पदकं देताना जगातला सर्वश्रेष्ठ ॲथलीट म्हणून त्याचं कौतुक केलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर कागदाच्या पट्ट्यांचा पाऊस पाडत त्याची मिरवणूक निघाली. ज्या देशासाठी त्यानं हे सगळं केलं, त्या देशानं सरसकट सगळ्या मूलनिवासींना नागरिकत्व दिलं ते मात्र १९२४ मध्ये.

एक बातमी आणि एक पत्र

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वर्सेस्टर टेलिग्राम या दैनिकात बातमी आली, की ऑलिम्पिक विजेता थॉर्प आधी पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता.

अमेरिकेत हौशी खेळांचा कारभार अमॅच्युअर ॲथलेटिक युनियन, म्हणजे एएयू ही संघटना बघायची. तिचे सूत्रधार होते जेम्स सुलिव्हन. हौशीपणाचे हे राखणदार स्वतः खेळाचं सामान विकणाऱ्या स्पॉल्डिंग कंपनीच्या प्रकाशनसंस्थेचं काम बघायचे. त्यांचं घर खेळावर चालत होतं. पण नियम खेळणाऱ्यांसाठी होता, खेळ चालवणाऱ्यांसाठी नव्हता.

जिमच्या सहीचं एक पत्र सुलिव्हन यांच्याकडे गेलं. आपण एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो, या गोष्टी आपल्याला कळत नव्हत्या, इतर कॉलेजांतली मुलंही खेळत होती पण ती स्वतःचं नाव वापरत नव्हती, असा त्या पत्राचा आशय होता. हे पत्र वॉर्नर यांनीच लिहून घेतलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वॉर्नर यांनी मात्र आपल्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं अशी भूमिका घेतली. आपला सर्वांत मोठा खेळाडू दोन वर्षं कुठे होता, हे प्रशिक्षकाला माहीत नसावं हे पटायला अवघड आहे.

एएयूनं जिमचं हौशीपण मागच्या तारखेपासून रद्द केलं. पाठोपाठ आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं, म्हणजे आयओसीनं, त्याची पदकं काढून घेतली आणि विक्रम पुसून टाकले. सोबत मिळालेले चषकही परत गेले. पेंटॅथलॉनचं सुवर्ण नॉर्वेच्या फर्डिनंड बी याला आणि डेकॅथलॉनचं विस्लँडरला देण्यात आलं.

आता यातली खरी मेख बघा. स्टॉकहोम ऑलिम्पिकच्या नियमांनुसार एखाद्याच्या पात्रतेवर आक्षेप घ्यायचा तर तो ३० दिवसांच्या आत घ्यायला हवा होता. बातमीच आली सहा महिन्यांनी. म्हणजे ज्यांनी नियमावर बोट ठेवून जिमची पदकं नेली, त्यांनी स्वतःचाच नियम मोडला होता. तेव्हा ही गोष्ट जिमच्या बाजूनं ठणकावून सांगणारं कुणी नव्हतं.

आणि ज्या शाळेनं हात वर केले, तिथे काय चाललं होतं? १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं कार्लाइलची चौकशी केली. फुटबॉलच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या निधीतून खेळाडूंनाही पैसे दिले जात होते, हे त्यात समोर आलं. वॉर्नर यांनी कार्लाइल सोडलं आणि ते पिट्सबर्ग विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. त्यांची कारकीर्द पुढेही जोरात चालली.

पैसे घ्यायची मोकळीक मिळाल्यावर

धंदेवाईक ठरल्यावर जिमला पैसे घेऊन खेळण्यापासून अडवणारं कुणी उरलं नाही. १९१३ मध्ये त्यानं न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाशी करार केला आणि १९१९ पर्यंत तो मेजर लीगमध्ये खेळला. १९१५ मध्ये ओहायोतल्या कँटन बुलडॉग्स या फुटबॉल संघानं त्याला सामन्याला २५० डॉलर देऊ केले. हा आकडा त्या काळी डोळे पांढरे करणारा होता. पण जिमचं नाव ऐकून गर्दी लोटायची आणि पैसे वसूल व्हायचे.

१९२० मध्ये काही संघमालकांनी मिळून व्यावसायिक फुटबॉलची संघटना काढली. तिला वजन यावं म्हणून पहिला अध्यक्ष म्हणून जिमचं नाव लावलं. ही संघटना म्हणजेच आजची एनएफएल, जगातली सर्वांत श्रीमंत क्रीडा लीग.

मग वय झालं, खेळ थांबला आणि १९२९ नंतरची महामंदी आली. जिमनं खड्डे खणायची मजुरी केली. हॉलिवूडच्या सिनेमांत गर्दीतला इंडियन म्हणून उभा राहिला. दारू वाढली. तीन लग्नं झाली. पहिला मुलगा लहानपणीच गेला होता, ते दुःख कायम सोबत राहिलं.

१९३२ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक भरलं, तेव्हा जिम तिथेच राहत होता. पण तिकिटाला पैसे नव्हते. ही गोष्ट बाहेर आल्यावर उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला आपल्या कक्षात बसायला बोलावलं. कर्टिस स्वतः कॉ या मूलनिवासी जमातीच्या वंशातले होते. जिम आल्याचं कळताच मैदानातल्या प्रेक्षकांनी त्याच्यासाठी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्याच्या आयुष्यावरच्या सिनेमाचे हक्क त्यानं एमजीएम कंपनीला १५०० डॉलरला विकले होते. सिनेमा आला १९५१ मध्ये, वॉर्नर ब्रदर्सकडून. नायकाच्या भूमिकेत बर्ट लँकेस्टर होता. त्याच वर्षी ओठाच्या कर्करोगावर उपचार घ्यायला जिम रुग्णालयात गेला, तेव्हा त्याच्याकडे पैसे नव्हते. धर्मादाय रुग्ण म्हणून त्याला दाखल करून घ्यावं लागलं. जेमतेम वर्षभरापूर्वी, १९५० मध्ये, असोसिएटेड प्रेसच्या पाहणीत क्रीडा पत्रकारांनी त्याला अर्ध्या शतकातला सर्वश्रेष्ठ ॲथलीट ठरवलं होतं.

२८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात, ट्रेलरच्या घरात, हृदयविकाराच्या झटक्यानं जिम गेला.

मेल्यानंतरही नाव दुसऱ्याच्याच कामाला

त्याला ओक्लाहोमात आपल्या मातीत पुरावं, अशी मुलांची इच्छा होती. पण तिसरी पत्नी पॅट्रिशिया हिनं मृतदेह ताब्यात घेतला आणि पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक या गावाशी करार केला. या गावाला पर्यटक हवे होते. १९५४ मध्ये गावानं आपलं नावच बदलून जिम थॉर्प ठेवलं आणि तिथे त्याचं स्मारक उभं राहिलं. जिमच्या आयुष्याशी या गावाचा काहीच संबंध नव्हता. त्याच्या मुलानं पुढे कोर्टात दावा लावला, पण २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. जिम आजही तिथेच आहे.

पदकांचं काय झालं? १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षं आयओसीचे अध्यक्ष होते अ‍ॅव्हरी ब्रंडेज. १९१२ मध्ये जिमसोबत पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनमध्ये उतरून हरलेल्या अमेरिकी खेळाडूंपैकी ते एक होते. हौशीपणाबद्दल त्यांच्याइतका कडवा माणूस शोधून सापडला नसता. त्यांच्या काळात पदकं परत देण्याच्या मागण्यांना दाद मिळाली नाही.

पुढे रॉबर्ट व्हीलर आणि फ्लॉरेन्स रिडलॉन या अभ्यासक पती-पत्नीनं १९१२ च्या ऑलिम्पिकची नियमपुस्तिका शोधून काढली आणि ३० दिवसांची ती अट जगासमोर ठेवली. १९८२ मध्ये आयओसीला माघार घ्यावी लागली. पण तेव्हाही जिमला फक्त संयुक्त विजेता मानलं गेलं. मुलांच्या हाती आल्या त्या पदकांच्या प्रतिकृती. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागलं १५ जुलै २०२२ रोजी, म्हणजे डेकॅथलॉन जिंकल्याला बरोबर ११० वर्षं झाली त्या दिवशी.

मग आज नेमकं काय बदललं?

ऑलिम्पिकनं हौशीपणाची अट हळूहळू सोडली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये तर अमेरिकेच्या बास्केटबॉल संघात एनबीएतले करोडपती खेळत होते. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएए मात्र अडून बसली. जिम कार्लाइलमध्ये असतानाच ही संघटना आकाराला येत होती. पुढे कॉलेज खेळांच्या प्रक्षेपणातून अब्जावधी डॉलर यायला लागले, प्रशिक्षकांचे पगार काही दशलक्षांवर गेले, पण खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायची मनाई होती.

जेरेमी ब्लूमचं उदाहरण घ्या. हा ऑलिम्पिकमध्ये स्कीइंग करणारा खेळाडू कोलोरॅडो विद्यापीठाकडून फुटबॉलही खेळायचा. स्कीइंगसाठी त्यानं प्रायोजकांचे पैसे घेतले, म्हणून २००४ मध्ये एनसीएएनं त्याला कॉलेज फुटबॉलसाठी अपात्र ठरवलं. एका खेळाचा पैसा, दुसऱ्या खेळात शिक्षा. जिमच्या गोष्टीनंतर ९० वर्षांनी.

कोंडी फुटली ती कायद्यानं आणि कोर्टानं. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करू देणारा कायदा केला. जून २०२१ मध्ये अल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ९-० असा निकाल देत शिक्षणाशी संबंधित लाभांवरची एनसीएएची मर्यादा बेकायदा ठरवली. हा निकाल थेट जाहिरातींबद्दल नव्हता, पण वारं फिरलं. काही दिवसांतच एनसीएएनं एनआयएलची वाट मोकळी केली. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातला समझोता मंजूर झाला. आता कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची आहे.

या नव्या व्यवस्थेवर टीकाही होते. श्रीमंत कॉलेजं चांगले खेळाडू पळवतात, कमी प्रेक्षकांच्या खेळांना काही उरत नाही, दरवर्षी खेळाडू कॉलेज बदलतात. या तक्रारी खोट्या नाहीत. पण पैसा आल्यामुळे कॉलेजचा खेळ बिघडला असं कुणी म्हणालं, तर कार्लाइलच्या मैदानाकडे बोट दाखवता येतं. पैसा तेव्हाही होता. शाळेनं कमावला, प्रशिक्षकानं कमावला, वर्तमानपत्रांनी कमावला, पुढे सिनेमावाल्यांनी आणि एका अख्ख्या गावानंही कमावला. जिमनं त्यातले जेवणापुरते घेतले आणि घेताना आपलं खरं नाव सांगितलं. खोटं नाव सांगणाऱ्या मुलांना कुणी काही विचारलं नाही.